नखाएवढ्या चिपमागचा माणूस

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब तपासायला गेलो, की सिस्टर दंडाला पट्टा बांधतात आणि यंत्राचे बटण दाबतात. पट्टा फुगतो, हळूहळू सैल होतो आणि पडद्यावर तीन आकडे उमटतात: वरचा दाब, खालचा दाब आणि नाडीचे ठोके. पट्टा सैल होताना धमनीतल्या प्रत्येक ठोक्याबरोबर आतल्या हवेचा दाब किंचित थरथरतो. ही थरथर टिपायची, तिचा हिशेब मांडायचा आणि उत्तर दाखवायचे, हे सगळे काम यंत्रातली नखाएवढी चिप सांभाळते. वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पोते तोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही अशीच चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात.

ही चिप कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. पण तिच्या वाटेवरच्या दोन मोठ्या वळणांवर एकच माणूस उभा दिसतो. त्याचे नाव रॉबर्ट नॉईस.

नॉईस यांचा जन्म 12 डिसेंबर 1927 रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात झाला. आयोवा म्हणजे मका आणि डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते आणि घरात चार मुलगे. ग्रिनेल या छोट्या गावात रॉबर्ट वाढला. बारा वर्षांचा असताना भावाच्या मदतीने त्याने माणूस बसेल एवढे ग्लायडर बनवले आणि ते घेऊन थेट छपरावरून उडी मारली.

गावातल्याच कॉलेजात असताना 1948 मध्ये हा हुशार विद्यार्थी मोठ्या अडचणीत सापडला. वसतिगृहाच्या मेजवानीसाठी त्याने मित्राबरोबर एका शेतकऱ्याचे डुकराचे पिल्लू पळवले. दुसऱ्या दिवशी दोघे कबुली द्यायला गेले, पण त्या भागात जनावराची चोरी हा गंभीर गुन्हा होता. तुरुंगाची वेळ आली असती. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले, पिल्लाची किंमत भरली गेली आणि एका सत्राच्या निलंबनावर प्रकरण मिटले.

याच गेल सरांनी पुढे त्याच्या आयुष्याला दिशा दिली. बेल प्रयोगशाळेत नुकताच ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. सरांनी ओळखीतून दोन ट्रान्झिस्टर मिळवले आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवले. मोठमोठ्या विद्यापीठांत अजून ज्याची चर्चाही नीट सुरू झाली नव्हती, ती वस्तू एका शेतीप्रधान गावातला मुलगा हातात घेऊन पाहत होता.

एमआयटीतून 1953 मध्ये डॉक्टरेट मिळवून आणि काही काळ नोकरी करून नॉईस 1956 मध्ये ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉक्ली यांच्याकडे कॅलिफोर्नियात गेले. शॉक्ली प्रतिभावान होते, पण माणसे सांभाळणे त्यांना जमत नव्हते. दीड वर्षात आठ तरुण शास्त्रज्ञ बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली. नॉईस त्यांचे पुढारी झाले.

त्या काळी ट्रान्झिस्टर एकेक करून बनत आणि मग कारागीर ते सूक्ष्मदर्शकाखाली तारांनी जोडत. यंत्र जितके मोठे तितके सांधे जास्त, आणि एक सांधा निखळला तरी सगळे ठप्प. 1958 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर पूर्ण मंडल तयार करून दाखवले, पण त्यातले भाग बारीक तारांनीच जोडलेले होते. 1959 च्या जानेवारीत नॉईस यांनी वहीत वेगळा उपाय लिहिला. सहकारी जाँ होर्नी यांनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा संरक्षक थर ठेवण्याची पद्धत शोधली होती. त्या थरावर ॲल्युमिनियमच्या रेषा छापल्या, तर तारा जोडायची गरजच उरणार नव्हती. सांधेच छापता येऊ लागले आणि चिपचा कारखाना शक्य झाला. हे पहिले वळण.

दोन्ही कंपन्यांत पेटंटचा खटला बरीच वर्षे चालला. अखेर त्यांनी एकमेकांना परवाने दिले आणि जग दोघांनाही श्रेय देऊ लागले.

1968 मध्ये नॉईस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल स्थापन केली. पुढच्याच वर्षी बिझिकॉम ही जपानी कंपनी आपल्या कॅल्क्युलेटरसाठी अनेक वेगवेगळ्या चिप बनवून घ्यायला आली. इंटेलमधल्या टेड हॉफ यांचे म्हणणे होते, की इतक्या चिप कशाला? सूचना बदलल्या की काम बदलेल अशी एकच सर्वसाधारण चिप करू. इंटेल तेव्हा मेमरी बनवणारी छोटी कंपनी होती, तरीही नॉईस यांनी हॉफना पुढे जायला सांगितले. फेडेरिको फॅजिन, स्टॅन मेझर आणि मासातोशी शिमा यांच्या मेहनतीने 1971 मध्ये 2,300 ट्रान्झिस्टरची 4004 ही चिप तयार झाली.

मात्र करारानुसार तिच्यावर हक्क बिझिकॉमचा होता. ती तिथेच अडकली असती, तर कॅल्क्युलेटरपुरतीच उरली असती. फॅजिन आणि हॉफ यांनी नॉईस यांच्यामागे लकडा लावला. बिझिकॉमला किंमत कमी करून हवी होती. नॉईस यांनी घासाघीस केली, 60 हजार डॉलर परत देऊ केले आणि चिप इतरांना विकण्याचा हक्क मिळवला. हे दुसरे वळण.

4004 हा मायक्रोप्रोसेसर होता, म्हणजे नुसता मेंदू. स्मरणशक्तीसाठी आणि बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी त्याला शेजारी वेगळ्या चिप लागत. हे सगळे बिऱ्हाड एकाच चिपवर मांडले, की झाला मायक्रोकंट्रोलर. ते आधी साधले टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांना. त्यांची टीएमएस 1000 ही चिप 1974 मध्ये बाजारात आली. इंटेलने 1976 मध्ये 8048 आणली. आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डमध्ये तीच होती. मग 1980 मध्ये आली 8051. तिच्यात कायमची मेमरी अवघी 4 किलोबाइट आणि चालू कामासाठी 128 बाइट. मोबाइलमधला एक फोटोही यात मावणार नाही, पण वजन तोलायला किंवा तापमान मोजायला एवढे पुरते. आपल्याकडच्या पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी याच 8051 वर पहिला दिवा लुकलुकवला.

नॉईस यांना 1979 मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. ऑफिसात बडेजाव नको, साहेबाला राखीव पार्किंग नको, ही त्यांची रीत पुढे साऱ्या सिलिकॉन व्हॅलीने उचलली. 3 जून 1990 रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिन येथे सकाळी पोहून आल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले. वय 62. दहा वर्षांनी किल्बी यांना नोबेल मिळाले. हे पारितोषिक मरणोत्तर दिले जात नाही, पण किल्बी यांनी नॉईस यांची आठवण मोकळेपणाने काढली.

रोज पोहणारा, धडधाकट दिसणारा माणूसही असा अचानक जाऊ शकतो. हृदयावर ताण आणणारा उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीही लक्षण न दाखवता वाढतो, म्हणून तो मोजावाच लागतो. तिशी ओलांडलेल्यांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहे. ग्रिनेलच्या त्या मुलापासून सुरू झालेली वाट आपल्या गावच्या उपकेंद्रापर्यंत आली आहे. दंड पुढे करण्याचे काम तेवढे आपले.