गो. नी. दांडेकर

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मावळ प्रांती तळेगाव दाभाडे हे गाव लागते. थोड्या अंतरावर पवनेचे खोरे असून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले त्यावर पहारा करीत उभे आहेत. या गावी गोपाळ नीळकंठ दांडेकर यांनी घर केले व तेथे राहून विपुल ग्रंथरचना केली. वाचक त्यांना प्रेमाने गोनीदा म्हणत.

त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. १९३० साली देशभर स्वातंत्र्याची चळवळ पेटली. गोपाळ त्या वेळी सातवीत, म्हणजे तुमच्याच वयाचा होता. शाळा आणि घर दोन्ही मागे टाकून तो बाहेर पडला. पुढची कित्येक वर्षे भटकंतीत गेली. उपासमार, अनवाणी चाल, परक्याच्या ओसरीवरची झोप, हे सारे त्याने सोसले. हाती खराटा घेऊन गावोगाव झाडणाऱ्या गाडगे महाराजांच्या सहवासात तो राहिला. नर्मदेची परिक्रमाही त्याने केली. औंध येथे पंडित सातवळेकरांजवळ राहून त्याने वेदविद्येचा परिचय करून घेतला. महाविद्यालयाची पायरी काही त्याला चढता आली नाही.

१९४७ साली त्यांनी केवळ लेखणीवर संसार चालवण्याचे ठरवले. मराठी लेखकास हे धाडसच होते. बहुतेक लेखक शिक्षक, प्राध्यापक किंवा कारकून असत. गोनीदांनी मात्र तो निश्चय अखेरपर्यंत पाळला.

लिहिण्यापूर्वी त्या भूमीवर पायी हिंडावे, तेथील माणसांची बोली कानांत साठवावी, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे ‘पडघवली’त कोकणची बोली नांदते, तर ‘पवनाकाठचा धोंडी’त मावळची. ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीतील म्हातारा मुंबई सोडून राजमाचीवर परततो आणि झाडापाखरांच्या संगतीत राहतो. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचे जीवन आहे, तिच्यावर १९७७ साली चित्रपट निघाला. भाक्रा धरण बांधणाऱ्यांवरही त्यांनी कादंबरी लिहिली.

किल्ल्यांचे तर त्यांना वेडच होते. रायगड, राजगड त्यांनी किती वेळा पालथे घातले असतील, त्यास गणती नाही. खांद्यावर कॅमेरा असे. ढासळते बुरूज व तट त्यांनी छायाचित्रांत टिपून ठेवले.

लहानपणीची ती वणवण पुढे ‘स्मरणगाथा’ या ग्रंथात उतरली. त्यास आत्मचरित्र म्हणावे की कादंबरी, हे ठरवणे कठीण आहे. घडलेले सारे आहे, पण सांगण्याची धाटणी कथेची आहे. या ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शाळा सोडून गेलेला मुलगा आपल्या विदर्भात असा परत आला.

१ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या वीणा देव व जामात विजय देव हे दोघेही प्राध्यापक होते. गोनीदांच्या कादंबऱ्या श्रोत्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवण्याचा परिपाठ त्यांनी अनेक वर्षे चालवला.