विश्लेषण : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठवाड्यात आणणारे डॉ. म. ना. वानखेडे कोण होते?

दलित साहित्याचा विषय निघाला की कवी आणि आत्मकथाकार आठवतात. या लेखकांच्या पिढीला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लेखनाची ओळख करून देणारे डॉ. म. ना. वानखेडे मात्र अनेकांना ठाऊक नसतात.

अमेरिकेशी संबंध कसा आला?

वानखेडे यांचा जन्म १९२४चा. ते इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. साठच्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी कवी वॉल्ट व्हिटमन यांच्यावर संशोधन करून पीएचडी मिळवली. फ्लोरिडा हे दक्षिणेकडील राज्य. तेथे शाळा आणि उपाहारगृहांतही वर्णभेद होता. त्याविरुद्धच्या लढ्यातूनच १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा आला.

मिलिंद महाविद्यालयात काय घडले?

परतल्यावर ते औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतील दलित मुले शिकत होती. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन यांसारख्या लेखकांनी गोऱ्या समीक्षकांच्या मान्यतेची वाट पाहिली नव्हती. दलितांनीही तसेच स्वतःचे जगणे आणि संताप मांडणारे विद्रोही साहित्य लिहावे, असा वानखेडे यांचा आग्रह होता. त्यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. पुढे ते ‘अस्मितादर्श’ झाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशके चालवले. ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली दलित पँथर मुंबईत स्थापन झाली ती १९७२ मध्ये, म्हणजे ‘अस्मिता’नंतर पाच वर्षांनी.

लातूर-नांदेडशी धागा कोणता?

कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अभ्यास लातूरमध्येही झाला. तेथील राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांनी या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच.

आज याचे महत्त्व काय?

वानखेडे यांचे निधन १९७८ मध्ये झाले. त्याच वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. अमेरिकेत कायदा झाल्यावरही कृष्णवर्णीयांना लढावे लागले. इथे ठराव झाल्यावरही साडेपंधरा वर्षे गेली. कागदावरचा हक्क गावात पोहोचतो की नाही, हे सोसणाऱ्यांनी लिहिले तरच कळते. वानखेडे मुलांना लिहिते करत होते, ते त्यासाठीच.