शटल केडगावला थांबते

मी बँकेत लागलो तेव्हा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा सहामाही बंद होत असे. त्या रात्री घरी जायची रीतच नव्हती. खतावण्यांच्या बेरजा आणि जनरल लेजरची शिल्लक जुळेपर्यंत जागचे कोणी हलायचे नाही. एका डिसेंबरात आम्ही पाच पैशांचा फरक शोधण्यात पहाट केली. कुणीतरी तिनाचा आठ वाचला होता, एवढेच. फरक सापडल्यावर असा आनंद झाला की जणू लढाई जिंकली. त्या आनंदात घरी गेलो तेव्हा तापाने फणफणलेला आमचा मुलगा नुकताच झोपला होता आणि त्याची आई जागीच होती. ती काही बोलली नाही. मला वाटले, तिला माझ्या कामाचे महत्त्व कळते.

पुढे नव्वदच्या दशकात माझी दौंडला बदली झाली. घर पुण्यात, मुलाची शाळा पुण्यात, म्हणून मी शटलने जाऊन-येऊन नोकरी केली. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, पाटस असा तो रस्ता. माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका. पंडिता रमाबाईंविषयी वर्गात सांगताना तिला नेहमी वाटायचे की एकदा केडगावला उतरून त्यांचे मुक्ती मिशन पाहावे. एखाद्या रविवारी जाऊ, असे तिने मला कितीदा तरी सुचवले. मी म्हणायचो, एवढे क्लोजिंग होऊ दे. क्लोजिंग झाले की ऑडिट असायचे, ऑडिट झाले की ठेवींची मोहीम. तीन वर्षांत त्या स्टेशनवरून मी दीड हजार वेळा तरी गेलो असेन. एकदाही उतरलो नाही.

निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ आला, पण वेळ कसा खर्च करायचा याची सवय गेली होती. तेव्हा मी रमाबाईंचे चरित्र वाचायला घेतले. आमच्या घरात त्यांचे नाव फारसे निघत नसे. निघालेच तर आजी एवढेच म्हणायची की बाई विद्वान होती, पण बाटली. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासल्यामुळे असेल, मी ते चरित्र ताळेबंदासारखे वाचत गेलो.

सुरुवातच उणे शिलकेची आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटाच्या रानात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. आईने ते लेकीला दिले. घर असे नव्हतेच. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव फिरे. मग दुष्काळ आला आणि त्यात आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. उरले ते रमा आणि भाऊ श्रीनिवास. उपाशीपोटी, बहुतेक पायी, दोघांनी जवळजवळ सारा देश पालथा घातला. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले आणि वीस वर्षांच्या या मुलीची संस्कृत विद्या पाहून तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

एवढ्यावर सुखाचे दिवस यावेत, तर १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेला. चोविसाव्या वर्षाच्या आतच त्या बाईने आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा अशा पाच जणांना निरोप दिला होता. माणूस अशा वेळी दोन वाटांनी जातो. एक तर खचून बसतो, नाहीतर दुःख विसरण्यासाठी समोर येईल ते काम अंगावर घेत सुटतो. रमाबाईंनी तिसरे केले. कोणते काम आपले, हे त्या शोधू लागल्या.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि स्त्री डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. आपणच डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंड गाठले. तिथे कळले की ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण घेता येणार नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सातासमुद्रापलीकडे जायचे आणि ज्यासाठी गेलो तेच दार बंद! तिथे त्यांनी हट्ट धरला नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इतर विषय शिकू लागल्या.

इंग्लंडमध्येच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वॉन्टेजला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. पाठीशी उभे राहणाऱ्यांत जोतीराव फुले होते. पण रमाबाईंनी जुने सोवळे सोडून नवे सोवळे घेतले, असे समजायचे कारण नाही. वॉन्टेजच्या जोगिणींनी आणि बिशपांनी सांगितले म्हणून एखादे मत मान्य करायला त्या तयार नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हाही त्यांनी वाद घातला. पोशाख पांढरी साडी, आहार शाकाहार, तो शेवटपर्यंत. देव माझा आहे, तर त्याच्याशी माझा व्यवहारही माझ्याच सहीने होईल, असा तो बाणा होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षे अमेरिकेत राहिल्या. बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, भाषणे देत गावोगाव फिरल्या. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्याला आले. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, हे बहुतेकांना माहीत असते.

त्याच १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येत. हे धर्मांतराचे आमिष आहे, अशी ओरड झाली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची धास्ती मी समजू शकतो. माझी आजी त्यांच्यातच असती. पण संस्था वाचवण्यासाठी दार लावून घेणे सोपे होते, ते रमाबाईंनी लावले नाही. ज्या श्रद्धेच्या बळावर हे काम चालते ती लपवून काम करायचे, हे त्यांना जमणारे नव्हते. कशासाठी काय सोडायचे हे ज्याचे ठरलेले असते, त्याला असा तोटा सोसता येतो.

आता बँकवाल्याला भावणारी गोष्ट सांगतो. दहा वर्षांची मदत १८९८ मध्ये संपणार, हे त्यांच्या डोक्यात होते. म्हणून त्यांनी काही वर्षे आधीच केडगावला शंभरेक एकर जमीन घेऊन फळझाडे लावली. पुढे त्याच जमिनीने वेगळे पीक दिले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. त्या हाडांच्या सापळ्यांत त्यांना पूर्वीची रमा दिसली नसेल काय? पुण्यात प्लेगचे निर्बंध, तेव्हा सगळ्यांना केडगावच्या माळावर झोपड्यांत, तंबूंत ठेवले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे, रोज. त्यात आंधळ्या होत्या, आजारी होत्या, समाजाने टाकलेल्या होत्या. ब्रिस्टलमध्ये कुणापुढे हात न पसरता अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते आणि आपणही देवावर भार टाकून चालायचे असे ठरवले होते. पण भार टाकणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. विहिरी खणल्या, शेती केली, गुरे पाळली, हातमाग आले, तेलघाणा आला, छापखाना आला. प्रत्येकीला अक्षरओळख आणि प्रत्येकीच्या हाताला काम. दिवसात प्रार्थनेला जागा होती, अभ्यासाला होती, कष्टांना होती. एकाने दुसऱ्याचे तास खाल्ले नाहीत.

मी विचार करीत राहिलो की एवढा पसारा मांडून ही बाई रात्री झोपत कशी असेल? उत्तर मला आमच्या रोखपालाकडे पाहून मिळाले. तो दिवसभर लाखोंच्या नोटा हाताळतो. एकेका रुपयाला तो जबाबदार असतो, पण त्यातला एकही रुपया त्याचा नसतो. संध्याकाळी रोकड मोजतो, तिजोरीला किल्ली लावतो आणि घरी जातो. ख्रिस्ती माणूस स्वतःला देवाचा कारभारी म्हणतो, त्याचा अर्थ मला असा लागला. वेळ, विद्या, माणसे, पैसा, सारे धन्याचे. आपण चोख सांभाळायचे आणि संध्याकाळी किल्ली त्याच्या हाती देऊन निजायचे. आठवड्यातून एक दिवस हात थांबवायचा, तोही याच विश्वासाने, की आपण थांबलो म्हणून जग थांबत नाही. मी पस्तीस वर्षे तिजोरीला किल्ली लावली आणि तिजोरी मात्र डोक्यात घेऊन घरी आलो.

शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी सर्वांत मोठे काम हाती घेतले. बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणायचे. त्यासाठी उतारवयात त्या भाषा शिकल्या. खरी नवलाई पुढे आहे. जिने भागवताचे हजारो श्लोक पाठ करून पंडितांना थक्क केले, तिने भाषांतर केले ते खेड्यातल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत. संस्कृतचा भार त्यांनी जाणूनबुजून उतरवला. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच मुली. विद्वत्ता दाखवण्यासाठी नसते, पोहोचवण्यासाठी असते, हे आम्हा लेखक म्हणवणाऱ्यांनी घोकून ठेवावे.

आता नावे बाजूही सांगितली पाहिजे. मनोरमा आईच्या कामात लहानपणापासून ओढली गेली. शिकली, शाळा सांभाळली, अंधांसाठी ब्रेल आणली, आणि जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मिरजेला वारली. आईच्या उद्दिष्टाची किंमत लेकीने किती मोजली, हे कुणाला सांगता येणार? संतुलन हे काही एकदा साधून कपाटात ठेवायचे प्रशस्तिपत्रक नव्हे. रमाबाईंनाही ते रोज नव्याने साधावे लागले असणार, आणि काही दिवस ते साधलेही नसणार. लेक गेल्यावर त्या नऊ महिनेही राहिल्या नाहीत. हातातले भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. ते बायबल १९२४ मध्ये छापून झाले.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी पत्नीला घेऊन केडगावला उतरलो. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून सावकाश. मुक्तीचे काम अजून चालू आहे. मोठे प्रार्थनामंदिर पाहिले, झाडांखाली बसलो. मी उत्साहाने तिला सन, आकडे, जमिनीचे एकर असे सगळे सांगू लागलो. ती ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली की आपण हे पूर्वीच पाहिले आहे, शाळेतल्या बाईंबरोबर, मी दौंडला असतानाच. मी विचारले की मग मला का सांगितले नाही. त्या दिवशी माझे क्लोजिंग होते, म्हणाली. आणि तिला नुसते केडगाव पाहायचे नव्हते. तिला माझा एक रविवार हवा होता.

यावर देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. परतीच्या गाडीला अवकाश होता. घड्याळ पाहायला माझा हात सवयीने उचलला गेला. तो मी खाली घेतला आणि डब्यातल्या पोळीचा अर्धा भाग तिच्यापुढे केला.