शार्लट ब्रॉन्टे आणि तिचें काचनगर

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना गणिताच्या पानामागें कधीं कधीं एखाद्या शहराचा नकाशा सांपडतो. त्यांत नदी असते, तट असतो, राजवाडा असतो. आणि तें शहर भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकांत नसतें. पूर्वीं अशीं पानें मी फाडून टाकावयास लावीत असें. शार्लट ब्रॉन्टे या इंग्रज कादंबरीकर्त्रीचें चरित्र वाचल्यापासून माझा हात आवरला आहे. तिचीच हकीकत आज बालवाचकांस व त्यांच्या वडीलमंडळींस सांगतों.

शार्लटचा जन्म ता. २१ एप्रिल १८१६ रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत थॉर्नटन येथें झाला. तिचे वडील पॅट्रिक ब्रॉन्टे हे आयर्लंडांतील गरीब घरांतून विद्येच्या बळावर वर आलेले धर्मोपदेशक होते. १८२० सालीं त्यांची नेमणूक हॉवर्थ या डोंगराळ गांवीं झाली. घरासमोर स्मशानभूमि, पाठीमागें मैलोगणती उजाड माळरान, आणि हिंवाळ्यांत त्यावरून सुटणारा बोंचरा वारा, असें तें ठिकाण होतें. पुढल्याच वर्षीं आई वारली व सहा मुलें पोरकीं झालीं. मावशी येऊन घर सांभाळूं लागली. १८२४ सालीं चार मुलींस उपदेशकांच्या कन्यांसाठीं काढलेल्या एका वसतिशाळेंत धाडण्यांत आलें. तेथील थंडी व निकृष्ट अन्न त्यांस सोसलें नाहीं. मराया व एलिझाबेथ या थोरल्या दोघी क्षयानें खंगून १८२५ च्या मे व जून महिन्यांत, घरीं आणल्यावर, वारल्या. नऊ वर्षांची शार्लट एकाएकीं सर्वांत वडील झाली.

जून १८२६ मध्यें वडिलांनीं लीड्स शहराहून मुलासाठीं बारा लांकडी शिपायांची पेटी आणली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ब्रॅनवेल ती पेटी घेऊन बहिणींकडे धांवला. शार्लटनें सर्वांत देखणा शिपाई उचलून त्याचें नांव ड्यूक ऑफ वेलिंग्टन ठेविलें. ब्रॅनवेलनें आपल्यास बोनापार्ट म्हटलें. एमिली व ॲन या धाकट्या दोघींनींही एकेक निवडला. हा वेलिंग्टन आपल्या मुलखास अपरिचित नाहीं. १८०३ च्या ऑगस्टांत अहमदनगरचा किल्ला घेणारा व सप्टेंबरांत असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांशीं लढणारा आर्थर वेलस्ली तो हाच. दक्षिणेंतील त्या सेनापतीचें नांव यॉर्कशायरमधील एका दहा वर्षांच्या मुलीच्या खेळांत राजा होऊन बसलें!

शिपाई आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागले व त्यांनीं एक मोठें नगर वसविलें. त्याचें नांव काचनगर. चौघां मुलांचीं चार राज्यें त्याच्या भोंवतीं होतीं. घरांतल्या भूगोलाच्या पुस्तकांतून डोंगर व नद्या घेतल्या, मासिकांतून राजकारण घेतलें, आणि भिंतीवरील जॉन मार्टिनच्या चित्रांतून प्रचंड स्तंभांचे प्रासाद घेतले. १८३०-३१ च्या सुमारास ब्रॅनवेलनें या सर्व प्रदेशाचा रीतसर नकाशा काढला. नगराचीं मासिकेंही निघत. तीं शिपायांच्या बेताचीं असावीं म्हणून जेमतेम दोन इंच उंचीचीं असत. रद्दी कागद कापून, दोऱ्यानें शिवून, छापल्यासारख्या बारीक अक्षरांनीं लिहिलेलीं. वडीलमाणसांस तीं वाचतांच येत नसत, आणि मुलांची सोयही त्यांतच होती.

याच काळीं शार्लट चित्रें काढी. टॉमस ब्यूइक याचा ब्रिटनमधील पक्ष्यांवरील ग्रंथ घरांत होता. त्यांत लांकडी ठशांनीं छापलेलीं पक्ष्यांचीं चित्रें व मधल्या कोऱ्या जागेंत वादळी किनारे, बर्फानें झांकलेलीं शेतें, असे इवले देखावे आहेत. ती डोळ्यांजवळ कागद धरून रेघ न् रेघ उतरवी व कांहीं नकला जलरंगांनीं रंगवी. ज्यांनीं जलरंग हाताळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं बर्फ रंगवावयाचा नसतो. कागद कोरा राखावयाचा, आणि भोंवतालचें आभाळ गडद करावयाचें. चित्रकलेवर पोट भरण्याचा तिचा विचार होता; १८३४ सालीं तिचीं दोन चित्रें लीड्सच्या प्रदर्शनांत मांडलींही गेलीं. परंतु त्या नकलांचें खरें फळ निराळेंच आलें, तें पुढें सांगतों.

१८३४ च्या सुमारास काचनगराच्या पूर्वेस अँग्रिया नांवाचें नवें राज्य झालें. आपल्या कुलाब्याच्या आंग्र्यांचें नांव इंग्रज लोक नेमकें असेंच लिहीत. पुढल्या वर्षीं शार्लट रो हेड येथील शाळेंत शिक्षिका झाली, आणि येथें तिची खरी ओढाताण सुरू झाली. वर्गांत धडा चाले आणि मन अँग्रियांत असे. मुलींचा प्रश्न आला कीं तिचा जीव चिडे. स्वतः शिक्षक असल्यानें हें लिहितांना मला संकोच वाटतो, पण तें खरें आहे. स्वप्नांची ही चटक पाप तर नव्हे, या शंकेनें ती कासावीस होई. १८३७ मध्यें राजकवि सदी यांनीं वाङ्मय हा स्त्रीचा व्यवसाय होऊं शकत नाहीं, असा सल्ला तिला पत्रानें दिला. अखेर १८३९ च्या सुमारास तिनें अँग्रियाचा कागदावर निरोप घेतला.

नंतर ब्रुसेल्सला शिक्षण झालें. घरीं शाळा काढण्याची जाहिरात दिली, तर एकही विद्यार्थिनी आली नाहीं. १८४६ मध्यें तिघी बहिणींनीं टोपणनांवांनीं कविता छापल्या. पहिल्या वर्षांत दोन प्रती खपल्या. त्याच ऑगस्टांत मँचेस्टरला वडिलांच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली. तेथेंच तिनें ‘जेन एअर’ लिहावयास घेतली. ऑक्टोबर १८४७ मध्यें ती प्रसिद्ध होऊन घरोघर वाचली गेली. तिच्या आरंभीं एक अनाथ मुलगी तांबड्या पडद्याआड बसून ब्यूइकचेंच पुस्तक उघडते व उत्तर ध्रुवाकडील बर्फाचीं चित्रें पाहत राहते. कोंवळ्या वयांत गिरविलेली ती थंडी वीस वर्षांनीं अशी उपयोगीं आली. क्षयानें गेलेली मरायाही हेलन बर्न्स होऊन त्याच पुस्तकांत आहे.

कीर्ति आली आणि घर रितें झालें. १८४८ च्या सप्टेंबरांत ब्रॅनवेल गेला, डिसेंबरांत एमिली गेली, आणि मे १८४९ मध्यें स्कारबरो येथें समुद्रकांठीं ॲन गेली. नकाशांतील चार राज्यांच्या चार धन्यांपैकीं एकटी शार्लट उरली. ज्या खोलींत चौघें मिळून गोष्टी रचीत, तेथें एकटीनें बसून तिनें ‘शर्ली’ पुरी केली, आणि १८५३ मध्यें ‘व्हिलेट’ प्रसिद्ध केली. २९ जून १८५४ रोजीं वडिलांचे सहायक आर्थर निकल्स यांच्याशीं तिचा विवाह झाला. सुख लाभलें, पण तें नऊ महिनेच. ३१ मार्च १८५५ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ती वारली.

हॉवर्थचें तें घर १९२८ पासून संग्रहालय आहे. त्या चिमुकल्या मासिकांपैकीं १८३० सालचें एक, संग्रहालयानें २०१९ मध्यें पॅरिसच्या लिलांवांत सहा लाख युरोंची बोली लावून परत मिळविलें. पॅट्रिक ब्रॉन्टे मात्र मुलीच्या मागें आणखी सहा वर्षें जगले. एके काळीं लीड्सहून लांकडी शिपाई आणणारे ते वृद्ध गृहस्थ १८६१ पर्यंत त्याच घरांत जांवयाच्या सोबतीनें राहत होते.