शूटिंगमध्ये खरी गोळी लागली अन् ब्रूस लीचा पोरगा २८ व्या वर्षी गेला

न केलेल्या खुनासाठी एका तरुणाला इलेक्ट्रिक चेअरवर मारतात. मग तो मेलेला माणूस परत येतो आणि ज्यांनी त्याला अडकवलं त्यांचा हिशोब चुकता करतो.

ही 'द क्रो: साल्व्हेशन'ची स्टोरी. २००० सालचा हा पिक्चर 'द क्रो' सिरीजमधला तिसरा. दिग्दर्शक होते भारतात जन्मलेले भरत नल्लुरी. पण ही सिरीज ज्याच्यामुळे गाजली, तो ब्रँडन ली सात वर्षं आधीच गेला होता.

ब्रँडन म्हणजे ब्रूस लीचा मुलगा. जन्म १ फेब्रुवारी १९६५ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. आठ वर्षांचा असताना वडील गेले. पुढे त्याने बोस्टनमध्ये नाटकाचं शिक्षण घेतलं. १९८६ ला हाँगकाँगच्या 'लेगसी ऑफ रेज'मध्ये तो हिरो झाला. त्यातही त्याचा रोल खोट्या आरोपात अडकवलेल्या माणसाचाच. मग 'रॅपिड फायर'सारखे मारधाडीचे पिक्चर आले.

मारधाडीच्या पलीकडचं काहीतरी त्याला मिळालं ते 'द क्रो'मध्ये. रोल होता एरिक ड्रेव्हन या रॉक म्युझिशियनचा. लग्नाच्या आदल्या रात्री त्याचा आणि होणाऱ्या बायकोचा खून होतो, आणि वर्षभराने तो कबरीतून उठतो.

३१ मार्च १९९३. नॉर्थ कॅरोलिनातलं विल्मिंग्टन. सीन होता ब्रँडनवर गोळी झाडण्याचा.

आता घोळ काय झाला होता? आधीच्या एका क्लोजअपसाठी खऱ्या काडतुसांमधली दारू काढून नकली काडतुसं बनवली होती. पण एकातला प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, तसाच राहिला. त्याच्या जोराने गोळी सुटली आणि नळीत अडकली. नळी कुणी नीट तपासली नाही. नंतर त्याच बंदुकीत ब्लँक भरलं. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण दारू असते. त्या दारूने अडकलेली गोळी बाहेर फेकली, ती थेट ब्रँडनच्या पोटात.

ऑपरेशन झालं, पण तो वाचला नाही. अडीच आठवड्यांवर त्याचं लग्न होतं.

फौजदारी गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. आईने दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला. उरलेले सीन डमी आणि कॉम्प्युटर वापरून पूर्ण झाले. १९९४ ला पिक्चर आला आणि चालला.

सिएटलमध्ये वडिलांच्या शेजारीच ब्रँडनची कबर आहे.

२०२१ मध्ये 'रस्ट'च्या सेटवर पुन्हा खरी गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेल्या. तेव्हा जगभरात पहिलं नाव आठवलं गेलं ते ब्रँडन लीचं.