रेल्वेने मत्स्यबीज पाठवणारे स्पेन्सर बेअर्ड

शेततळ्यासाठी मत्स्यबीज आणायला गेलात की ऑक्सिजन भरलेली प्लॅस्टिकची पिशवी तुमच्या हातात मिळते. नेऱ्याला पोहोचेपर्यंत पाणी तापू द्यायचे नाही, एवढीच काळजी घ्यायची. अमेरिकेत हे काम केंद्र सरकारच्या पैशाने सुरू झाले तेव्हा ना ऑक्सिजनची पिशवी होती, ना प्लॅस्टिक. ते काम उभे केले स्पेन्सर फुलर्टन बेअर्ड यांनी.

बेअर्ड यांचा जन्म १८२३ चा, पेनसिल्व्हेनियातला. पक्षी, मासे, साप गोळा करण्याचा त्यांना नाद होता. १८५० मध्ये ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत रुजू झाले, तेव्हा त्यांचा संग्रह रेल्वेच्या दोन डब्यांतून न्यावा लागला. पुढे ते त्या संस्थेचे प्रमुखही झाले.

१८७१ मध्ये सरकारने मत्स्य आयोग नेमला आणि बेअर्ड यांना बिनपगारी आयुक्त केले. किनाऱ्यावर मासे का घटले, एवढाच प्रश्न होता. त्यांनी सापळ्यांच्या मासेमारीवर बोट ठेवले आणि अंडी घालण्याच्या हंगामात सापळे ठरावीक दिवस बंद ठेवायला सुचवले. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरू नका म्हणून सांगून पाहा, म्हणजे या सल्ल्याचे काय झाले असेल ते कळेल. मासे वाढवायला मात्र १८७२ मध्ये लगेच १५,००० डॉलर मंजूर झाले. बंदीपेक्षा बीज वाटणे कोणत्याही सरकारला सोपे जाते.

बेअर्ड यांनी लिव्हिंग्स्टन स्टोन यांना कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीवर पाठवले. तेथे सामन मादीचे पोट हलके दाबून अंडी काढत, त्यावर नराचे वीर्य सोडत आणि अंड्यांत डोळे दिसू लागले की शेवाळ व बर्फात बांधून रेल्वेने पूर्वेला धाडत. जूनमध्ये, १८७३ साली, नेब्रास्कात पूल खचला आणि मासे भरलेला डबा एल्कहॉर्न नदीत पडला. स्टोन वाचले. महिनाभरात ते शॅड माशाची पिल्ले घेऊन पुन्हा कॅलिफोर्नियाला निघाले. शॅड पश्चिमेकडे रुजला. पूर्वेच्या नद्यांत सोडलेला सामन मात्र टिकला नाही. बीज चांगले असूनही पाणी मानवले नाही, तर असे होते.

१८७७ मध्ये जर्मनीहून ३४५ कार्प आणले गेले. हाच आपला सायप्रिनस. मागणी एवढी वाढली की खासदारांमार्फत अर्ज येऊ लागले, आणि बीज देशभर गेले. बेअर्ड १८८७ मध्ये वूड्स होल येथे वारले. तोवर कार्प तळ्यांतून नद्यांत पोहोचला होता. पुढे लोक त्याला उपद्रवी मानू लागले, कारण तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि पाणवनस्पती उपटतो.

रोहू, कटला साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. सायप्रिनस घालतो, त्याची चिकट अंडी पाणवनस्पतींना लागून राहतात. म्हणून तो ठेवत असाल, तर पावसाळ्याआधी शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा आणि उरलेली बोटुकली गाढी नदीत सोडू नका.