छडीविना शिस्त



शाळेत मार न खाल्लेला मुलगा आमच्या पिढीत शोधून सापडणार नाही! मीही पट्ट्या खाल्ल्या. त्याने गणित सुधारले नाही, पण वही कशी लपवायची ते मात्र पक्के शिकलो. म्हणूनच आज साने गुरुजींची आठवण.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडचा. दापोली, औंध, पुणे असे गरिबीत शिक्षण झाले. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे तिथले छात्रालयही त्यांच्याकडे आले.

घरापासून लांब राहणारी मुले ती. खोल्या अस्ताव्यस्त, कपडे इकडेतिकडे. गुरुजींचा छडीवर विश्वास नव्हता. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडत, अंथरुणे आवरत, मळके कपडे धूत. कोणी आजारी पडले तर उशाशी बसत. मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत. मुलांनाच ओशाळल्यासारखे झाले आणि ती आपणहून खोल्या आवरू लागली.

गुरुजींनी स्वतः मार खाल्ला नव्हता असे नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आईने मारले, हा प्रसंग 'श्यामची आई'त आहेच. पण आईची माया आठवणीत ठेवून त्यांनी पुढे मुलांना फक्त मायाच दिली.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. १९४८ साली 'साधना' साप्ताहिक काढले. ११ जून १९५० रोजी ते गेले.

भारतात शाळेतल्या माराला कायद्याने बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. गुरुजी त्याच्या ऐंशी वर्षे आधी तसे वागत होते!

आता प्रश्न आपल्या घरचा. गावी बाबांनी हात उगारला की आजीच्या पदराआड लपता यायचे. इथे दुबई-शारजाच्या फ्लॅटमध्ये आजी नसते. ऑफिस आणि ट्रॅफिकचा वैताग घेऊन आपण घरी येतो, आणि कमी मार्क पडलेला मुलगा समोर एकटाच उभा असतो. त्याने पेपर लपवायचा की आपल्या हातात द्यायचा, हे आपल्यावरच अवलंबून आहे.

पटतंय का?